अर्धी गोळी आणि पानांचा रस

धायरीहून खराडीला जाणारी कंपनीची बस पकडण्याआधी मी रोज कालव्याच्या रस्त्यावर फिरायला जायचो. फिरून झालं की सगळ्यांची पावलं एका हातगाडीकडे वळत. कोरफड, शेवगा, कडुनिंब अशा पानांचे हिरवे रस तिथे मिळत. तोंड वाकडं करून ग्लास रिकामा करायचा आणि एकमेकांच्या शुगरची चौकशी करायची, अशी आमची सकाळ.

त्या घोळक्यात मला 'डॉक्टर' म्हणत. मी कसलाच डॉक्टर नव्हतो. सॉफ्टवेअरमध्ये येण्याआधी वनस्पतिशास्त्रात पीएचडी करत होतो, पण संगणकाकडे वळलेल्या मित्रांची भरभराट बघून ती अर्धवट सोडली. विषय होता पानांमधली पॉलिसॅकराइड. पानांत जो बुळबुळीत चीक असतो, त्यात साखरेच्याच कणांच्या लांबच लांब साखळ्या असतात. आम्ही पानं उकळायचो, गाळलेल्या पाण्यात अल्कोहोल ओतलं, की पांढरे धागे वेगळे होत. ते वाळवून उंदरांना द्यायचो. काही उंदरांची साखर उतरायची, काहींची ढिम्म हलायची नाही.

हातगाडीपाशी मी फक्त साखर उतरलेल्या उंदरांबद्दल बोलायचो.

"हा चीक आतड्यात फुगतो, जेवणातली साखर हळूहळू रक्तात जाते," असं मी सांगू लागलो की लोक ग्लास हातात धरून ऐकत. दिवसभर ऑफिसात माझं असं कुणी ऐकत नसे.

सगळ्यांत मन लावून ऐकत ते एक निवृत्त गणिताचे शिक्षक. पेठेतलं बिऱ्हाड सोडून ते आणि काकू आमच्या शेजारच्या इमारतीत राहायला आले होते. एका सकाळी त्यांनी विचारलं, "अहो डॉक्टर, गेला महिनाभर रस नेमाने चालू आहे. शुगरची गोळी अर्धी केली तर?"

"सर, आता पेपर फुटला बघा," कुणीतरी म्हणालं. "डॉक्टरांनाच उत्तर विचारताय!"

सगळे हसले आणि माझ्याकडे बघू लागले. 'तुमच्या डॉक्टरांना विचारा' एवढंच म्हणायचं होतं. पण मग मी कोण, हेही सांगावं लागलं असतं.

"करून बघा," मी म्हणालो.

सरांनी करून बघितलं. आधी अर्धी, मग बंद. पावसाळ्यात चप्पल लागून पायाच्या अंगठ्याला जखम झाली. ती भरेना. फिरायला येणं थांबलं, तरी मी चौकशीला गेलो नाही. एक दिवस कळलं की त्यांना दवाखान्यात ठेवलंय आणि अंगठा काढावा लागणार आहे.

संध्याकाळी मी गेलो. काकू वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "या डॉक्टर. आत एक डॉक्टर आहेत, पण त्यांना उंदरांचं विशेष काही माहीत नाही."

मी तिथेच उभा राहिलो. म्हणालो, "काकू, चूक माझी आहे. आम्ही तपासायचो ती शुद्ध केलेली भुकटी, आणि तीसुद्धा जनावरांवर. गाडीवरच्या रसात ते किती असतं, मला माहीत नाही. औषधाच्या जागी तो घ्यावा, असं आम्हाला कधीच आढळलं नव्हतं."

"हे तुम्हाला आत्ता कळलं?"

"नाही. तेव्हाही माहीत होतं."

त्यांनी पदर सारखा केला. आतल्या दाराकडे बघितलं. मग आवाज न चढवता विचारलं, "तुमच्या घरी आहे कुणाला शुगर?"

"आईला."

"आणि त्या रस पितात?"

"पितात. मीच घेऊन जातो."

"गोळ्या?"

खोटं बोलावंसं वाटलं. बोललोही असतो, पण त्या माझ्याकडे बघत होत्या. "चालू आहेत," मी म्हणालो. "रोज सकाळी फिरायला निघण्याआधी मी स्वतः तिच्या हातावर ठेवतो. ती गिळेपर्यंत समोर उभा राहतो."

काकूंनी बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. शेजारी जागा झाली होती. मला तिथे बसवेना.