तिवड्याभोवतीचे अंगठे

रामाकोना गावचा मोतीराम तिथल्या बागायतदार भाऊरावांचा सालदार होता. चाकरी वर्षाची, राहायला मालकाच्या गोठ्यामागची खोली. पाडव्याला मालकानं बोलावणं धाडलं तर पुढचं वर्ष, नाहीतर भांडीकुंडी उचलायची. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, भाऊरावांची जोडी हाकणारा धुरकरीही तोच. टोकाला खिळा ठोकलेली काठी, म्हणजे तुतारी, घेऊन छकड्यावर बसायचा आणि बैलांच्या मांड्यांत ती खुपसत सुटायचा. लोक टोप्या उडवायचे.

सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात पाखऱ्या नावाचा बैल पट जिंकला आणि खिळ्यानं फाटलेल्या पायानं घरी येऊन बसला. मांडीत पू झाला, अळ्या पडल्या. मोतीरामनं कडुनिंबाचा पाला वाटून भरला, पण बैल काही उठला नाही. दावणीवरच गेला.

"जाऊ दे बे, नवा गोऱ्हा आणू," भाऊराव म्हणाले. "तुतारीले खिळा मात्र लांब ठोकजो. जिंकली तरी यंदा लई सुस्त पळाली जोडी."

 ते ऐकून मोतीराम तडक शाळेतल्या मालतीबाईंकडे गेला. रात्रीच्या वर्गात याच बाईंनी त्याला अक्षरं शिकवली होती.

"बाई, बैलाले खिळा टोचते त्याच्यासाठी कायदा नाही का?"

"आहे ना. पण पहिल्या वेळी दंड पन्नास रुपयांच्या वर जात नाही."

"तेवढे तं मालक पानाच्या पिचकारीत उडवते."

"मग कायदा कडक करा म्हणून लोकसभेत अर्जी द्या. खासदाराच्या हातून जाते. मी लिहून देतो, पण माही सही चालणार नाही. सरकारी नोकर पडलो मी."

बाईंनी अर्जी लिहिली. मुक्या जनावराला खिळा टोचणाऱ्याला जेल व्हावी, असं तिच्यात साफ होतं. लोकांना ते पटत होतं. कोणाचा बैल फरपटला होता, कोणाच्या बैलाची शेपूट हाकणाऱ्यानं दातानं चावून तोडली होती. पण कागद समोर धरला की जो तो हात पाठीमागे घ्यायचा.

"पयला अंगठा ज्याचा, त्याचीच मान भाऊराव पकडते," नत्थूजी म्हणाला. दोन एकर कपाशीचा धनी, भाऊरावांच्या बांधाला बांध. मग त्यालाच युक्ती सुचली. "खळ्यात तिवड्याभोवती बैल फिरतात. त्यात पयला कोणता न् शेवटचा कोणता, सांग बरं? तसेच अंगठे लावू."

मोतीरामनं अर्जीखालच्या कोऱ्या जागेत मधोमध एक टिंब काढलं. तो झाला तिवडा, खळ्यातला मधला खांब. भोवती सगळ्यांनी गोल अंगठे उमटवले. "आता शोध म्हणा मालकाले पयला बैल!" कोणीतरी म्हणालं, आणि सगळे पोट धरून हसले. मोतीरामही हसला. आपण कुठंच दिसत नाही, याचा त्याला केवढा आधार वाटला.

फाल्गुनात खासदार तालुक्याच्या गावी, सौंसरच्या रेस्ट हाऊसला उतरले. मोतीराम अर्जी घेऊन निघाला, तशी त्याची बायको सुशीलाही निघाली. "मीबी येतो वो. तुमी एकटे गेले तं घरी माह्या जिवाचं पाणी होते."

व्हरांड्यात खासदारांच्या बाजूच्या खुर्चीवर भाऊराव बसले होते. समोर त्यांच्याच बागेतल्या संत्र्यांची टोपली. मोतीराम पायरीवरच थांबला.

"ये ना रे, लाजतो काहून?" भाऊराव म्हणाले. "साहेब, हा आमचा धुरकरी. आख्ख्या तालुक्यात असा गडी नाही."

मोतीरामनं कागद पुढं केला. साहेबांनी तो न वाचता आपल्या चष्मेवाल्या सेक्रेटरीकडे दिला. त्यानं कागद फिरवून फिरवून पाहिला.

"हे काय? पहिला अर्जदार कोण आहे?"

"कोणीच नाही जी. सगळे संगंच हाओ."

"असं लोकसभेत चालत नाही. अर्जीला माणूस लागतो. पूर्ण नाव, पत्ता, खाली सही. अंगठ्यांची फुगडी कोण घेणार?"

हसणं झालं. भाऊरावांनी सहज म्हणून कागद हातात घेतला आणि वाचायला लागले. वाचता वाचता त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं. मागाहून आलेला नत्थूजी फाटकापाशी उभा होता. मोतीरामनं तिकडं पाहिलं, तर तो रस्त्याकडं तोंड करून बिडी शोधू लागला.

"पाडवा जवळ आला ना, मोतीराम?" भाऊराव हळूच म्हणाले. "तुही पोरगी शाळेत एकटीच जाते का रे अजून?"

 खांबाआडून सुशीला पदर तोंडात धरून पाहत होती. सेक्रेटरीनं पेन पुढं केलं. "टाकतो नाव, का वापस नेतो?"

कागद वापस नेला तरी भाऊरावांनी तो वाचलाच होता. मोतीरामला ते कळलं आणि सुटकेची वाटच उरली नाही. त्यानं पेन धरलं. नाव कसंबसं उतरलं, ओळ तिरकी गेली.

"पत्ता?"

तो थांबला. त्याला पत्ता एकच होता.

"लिह ना," भाऊराव म्हणाले. "माह्याच घरचा आहे. सध्या."

त्यानं लिहिलं: भाऊरावांच्या गोठ्यामागं, रामाकोना.

पाडव्याला बोलावणं आलं नाही. सुशीलानं भांडी पोत्यात भरली. गावाबाहेर पळसाच्या फांद्यांचं खोपटं घातलं. पोरीला शाळेत न्यायला-आणायला सुशीला स्वतः जायची, हातात विळा घेऊन. नत्थूजी समोरून आला की वाट बदलायचा.

पण अर्जी दिल्लीला गेली होती, आणि तिचं उत्तर यायचं होतं ते जुन्याच पत्त्यावर. पोस्टमन सायकलवरून गावात शिरला की मोतीराम भाऊरावांच्या फाटकाशी जाऊन उभा राहायचा. आत ओसरीवर नवा धुरकरी तुतारीचा खिळा दगडावर घासत बसलेला.  मोतीराम फाटकाला टेकून वाट पाहायचा.

"काय बे, आली का तुही लोकसभा?" भाऊराव ओसरीवरून विचारायचे.

"नाही जी," मोतीराम म्हणायचा. "उद्या येतो पाहाले."