गटारी, दिव्यांची अवस आणि आप्पा

आषाढाच्या शेवटच्या दिवसाला कोल्हापुरात दोन नावं आहेत. कॅलेंडरवर छापलेलं असतं दीपपूजन. न छापताही सगळ्यांना ठाऊक असते ती गटारी. उद्यापासून श्रावण, महिनाभर मटण बंद, म्हणून आज ताव मारून घ्यायचा. माझ्या सासरी हे दोन्ही सण बिनदिक्कत एकाच छपराखाली होत. देवघरात सासूबाई समया घासत बसायच्या आणि परसात सासरे चुलीवरचा रस्सा ढवळत उभे असायचे.

मी सीमेकडच्या लिंगायत घरातली. जिथं अंडंसुद्धा उंबरा ओलांडत नाही अशा घरातून मी स्वतःच्या पसंतीनं या घरात आले, म्हणून माझ्या वडिलांनी, आप्पांनी, दोन वर्षं माझ्याशी बोलणं टाकलं होतं. आई चोरून फोन करायची. आप्पा कधीतरी माझ्या घरी येऊन घोटभर पाणी पितील का, एवढा एकच घोर मला लागलेला.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. गटारीच्या सकाळीच आईचा फोन आला, की आप्पा तुझ्याकडं यायला एसटीत बसलेत. आमच्याकडं अमावास्या चांगली मानतात. मनातलं काही करायचं तर आप्पा अवसच धरणार. सासरी मात्र अवसेला कुणी नवी चप्पलही घालत नाही. आप्पांनी त्यांच्या मते उत्तम दिवस निवडला होता, आणि परसात आठ किलो मटण रटरटत होतं.

सासूबाईंना सांगितलं. त्या वैतागतील असं वाटलेलं, पण त्यांनी पदर खोचला आणि हुकूम सोडला. सासरे आणि त्यांचे तीन दोस्त उकळतं पातेलं बांबूला अडकवून गल्लीतून तालमीकडं निघाले. मागोमाग दोन कुत्री. इकडं सासूबाईंनी घरभर एवढा ऊद फिरवला, की शेजारीण घाबरून कोण गेलं का विचारायला आली. संध्याकाळची दिव्यांची पूजा मी घाईघाईत सकाळीच उरकली आणि नैवेद्याला कणकेचे गोड दिवे उकडले.

आप्पा आले, पाटावर बसले. तांब्याला हात लावला नाही. मी दिव्यांचं ताट पुढं ठेवलं, त्यालाही नाही. तेवढ्यात सासरे घाम पुसत परतले. आप्पांनी त्यांच्या सदऱ्यावरचे रश्श्याचे डाग निरखून पाहिले.

"पावणं, मटण कुठं ठिवलासा?"

सासऱ्यांनी लहान पोरासारखी मान खाली घालून तालमीचं नाव घेतलं.

"घरी आणा की. माझ्यापायी सणाचं पातेलं गावभर फिरवू नका. तुमी तुमचं खावा, मी माझं खातो."

एवढं बोलून त्यांनी तांब्या उचलला आणि घटाघटा पाणी प्यायले. मी दाराला टेकून उभी होते. सासूबाई पदराआड हसत होत्या. आप्पांनी एक दिवा तुपात बुडवून खाल्ला, मग दुसरा. लेकीला आई मानून 'अव्वा' म्हणायची आमच्याकडं रीत आहे. दोन वर्षांत ती हाक माझ्या कानावर पडली नव्हती.

"अव्वा, आणि एक वाढ."

तिसऱ्या दिव्यावर तूप वाढताना मला समोरचं ताटच दिसेना. तूप पाटावर ओघळलं, त्यांच्या धोतरावर सांडलं, तरी ते थांब म्हणाले नाहीत.