धाकटीचा अंबाडा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला तरी का सांगते आहे? ठाऊक नाही. पण छातीतली धडधड सांगितल्याशिवाय थांबायची नाही.

स्वातंत्र्यानंतर तीन-चार वर्षांनी माझी धाकटी जाऊ गिरीज गावातल्या आमच्या घरात आली. मोठ्या सुनेने धाकटीची वेणीफणी करायची, वाडीतली अबोली माळायची, ही घरची रीत. तिचे केस गुडघ्यापर्यंत. माझे बाळंतपणात गळून शेपटी उरलेली. सासूबाई येता-जाता तिच्या केसांचं कौतुक करायच्या, आणि मी तिच्या मागे फणी घेऊन बसलेली — काय वाटत असेल मला? जळफळाट व्हायचा, दुसरं काय!

मी अंबाडा आवळायचे. जरा जास्तच. डोक्यावर केळ्यांची पाटी घ्यायची आहे, सुटायला नको, असं म्हणायचे.

महिन्याभरात तिचं डोकं दुखायला लागलं. कपाळ नव्हे — केसांची मुळं. फणी टेकली तरी डोळ्यांत पाणी. सुंठेचा लेप झाला, दृष्ट काढून झाली. रोज संध्याकाळी मीच तिला खोबरेल चोळायचे, तेव्हा ती म्हणायची, "वहिनी, तुमच्याच हाताला गुण आहे."

मग वैद्यबुवा आले. त्यांनी मुळं चाचपली आणि विचारलं, "अंबाडा फार आवळून घालता का? काही दिवस केस मोकळे सोडा, आपोआप थांबेल." आणि मी काय बोलले? "सैलच घालते हो मी. आणि सवाष्णीने केस मोकळे सोडून घरात फिरायचं?" सासूबाईंनी मान डोलावली. विषय मिटला.

पहिल्या बाळंतपणाला ती आगाशीला माहेरी गेली. तिथे दुखणं पार थांबल्याचा निरोप आला. आईने सैल अंबाडा घातला असेल — तेव्हा तिला कळलं असेल का? ती परत येईपर्यंत मला घास गोड लागला नाही.

ती आली, बाळ सासूबाईंकडे दिलं, आणि माझ्याकडे पाठ करून बसली. आता सैल घालावा, असं मनात आलं. खरंच आलं. पण अंबाडा वेगळा दिसला आणि कुणी विचारलं, मग आजवर कसा घालत होतीस — तर? मत्सर कधीच विरला होता. आता नुसती भीती होती.

मी आवळला. तिने मान ताठ धरली. संध्याकाळी ती पुन्हा डोकं धरून बसली होती.