एक तास पुढे असलेलं गाव

मामाच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात मी मदतीला बसतो, म्हणजे खरं तर काउंटरमागे बसून रस्ता बघतो. शिमग्याच्या आधी एक गुरुजी आले. पिशवीत शाळेचं भिंतीवरचं घड्याळ. "तेलपाणी करून द्या," म्हणाले, "होळी झाली की एक तास पुढे सारायचंय."

मामाने भिंग डोळ्यावरून काढलं. "पुढे? पळतंय म्हणून मागे सारतात लोक."

"आमचं गाव उन्हाळाभर एक तास पुढे असतं," गुरुजी म्हणाले. "पाऊस लागला की परत मागे."

विलायतेत असं करतात हे मी ऐकलं होतं. दर उन्हाळ्यात अख्खा देश घड्याळं फिरवतो म्हणे. पण सुरगाण्याच्या पुढे बारा किलोमीटरवर? मी तिथल्या तिथे ठरवलं, हे गाव बघायचंच. (गावाचं नाव लिहीत नाही. गुरुजींनी या उद्योगाची परवानगी कुणाकडून घेतलेली नाही.)

होळीनंतर एका शनिवारी सकाळी निघालो. नाशिकहून दिंडोरी, वणी, बोरगाव, सुरगाणा असा रस्ता. शंभर किलोमीटरला थोडं जास्त धरा. मोटरसायकलने चार तासांत आरामात होतं. मला दीड दिवस लागला. दिंडोरीला पोहे-चहा दहा रुपयांत झाला, तिथेच द्राक्षांच्या पेट्या भरणारी माणसं बघत तासभर गेला. वणीला दर्शनाला निघालेल्या एका कुटुंबाने गडावर चला म्हटलं, गेलो. रात्री वणीलाच धर्मशाळेत. मी असाच आहे. दहावीच्या पेपरलासुद्धा रस्त्यात डोंबाऱ्याचा खेळ लागला म्हणून अर्धा तास उशिरा पोचलो होतो, आणि त्याचं फळ पुन्हा एकदा दहावीला बसून खाल्लं.

बोरगाव सोडलं की रस्ता बारीक होतो. मोहाच्या झाडांखाली बाया फुलं वेचत असतात. सुरगाण्यात पेट्रोल भरून घ्या, पुढे मिळेल याची खात्री नाही. शेवटचा रस्ता खडीचा आहे, पाठ दुखते.

रविवारी दुपारी पोचलो तेव्हा माझ्या घड्याळात बारा आणि शाळेच्या भिंतीवर एक. गुरुजींनी नागलीची भाकर आणि उडदाचं वरण पुढे ठेवलं. "जेवणाला उशीर केला तुम्ही," म्हणाले.

मी विचारलं, "घड्याळ कशाला फिरवता? शाळा सकाळची केली की झालं."

"ते सरकारही करतं. पण इथं अख्खं गाव शाळेच्या घंटेवर चालतं. विहीर, रेशन दुकान, जीप, सगळं. पहिल्या वर्षी मी सांगत फिरलो, उन्हाळ्यात सगळं तासभर आधी उरका. हो हो म्हणाले, आलं कुणी नाही. दुसऱ्या वर्षी गुपचूप काटा फिरवला. सगळे वेळेवर!"

ओट्यावर दोन बाया तांदूळ निवडत होत्या. त्यातली थोराड होती ती म्हणाली, "बरं हाय बघा. उन्हाच्या आत पानी भरून व्हतं. सांजंला उजेडातच जेवन, राकेल वाचतं."

"गाईला कुठं कळतो तुझा काटा?" पलीकडचे म्हातारबाबा बोलले. "मी घंटेला उठतो, ती मला बघून तोंड फिरवती. दूध चोरती."

"ती तुमाला बघून कधीबी तोंड फिरवल."

सगळे हसले. मी वहीत दोन रकाने पाडले होते, फायदे आणि तोटे. तोट्याच्या रकान्यात एवढी एक गाय होती.

संध्याकाळी जीप सुरगाण्याहून परतली. ती आंब्याखाली लागते. तिथे काशिनाथ नावाचा माणूस मुलीला घेऊन आला. द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडे गेलेलं हे कुटुंब आदल्या रात्रीच घरी परतलं होतं. मुलगी यमुना, बारावी झालेली. नर्सिंगच्या कोर्सची निवड होती, सोमवारी दहा वाजता नाशिकला. दहाला कागद तपासणार, नंतर दार बंद. शाळेचा दाखला गुरुजींकडून आत्ताच घेतला होता. गावातून नर्स व्हायला निघालेली ती पहिली. उद्या हुकलं तर पुढच्या वर्षी, आणि पुढच्या वर्षापर्यंत लग्न. हे सगळं काशिनाथकाकांनीच न विचारता सांगितलं.

मग त्यांनी जीपवाल्याला विचारलं, "उद्या किती वाजता?"

"सात."

"बास, सातला हाजीर." त्यांनी मनगट वर केलं. नवंकोरं डिजिटल घड्याळ. द्राक्षबागेच्या मालकाच्या पोराने काम संपल्यावर दिलेलं.

मी तीन पावलांवर उभा होतो. त्या मनगटावर सहाला दहा कमी होते आणि शाळेत सातला दहा कमी, हे तिथे फक्त मलाच दिसू शकत होतं. रविवार, म्हणून दिवसभर घंटाही झालेली नव्हती. पण शेजारी एक आजोबा बांबूची टोपली विणत होते आणि तिचं बूड कसं वळवतात ते बघण्यात मी गुंगलो होतो.

सोमवारी आंब्याखाली चहा पीत होतो. बाप-लेक ओढ्यापलीकडच्या पाड्यावरून आले. यमुनाची तेल लावून घट्ट वेणी, हातात प्लास्टिकची फाईल. आंब्याखाली जीप नव्हती.

"जीप तर तासभर झाला गेली की," चहावाली म्हणाली.

"अशी कशी गेली? सातला पाच कमी हायती!" काकांनी घड्याळ दाखवलं.

"घंटेचे सात कवाच झाले. तुमी घंटा नाय ऐकली?"

"ऐकली. म्हनलं सकाळची शाळा आसंल."

जीप माणसं सुरगाण्याहून खऱ्या सातला सुटणाऱ्या एस.टी.वर घालते, ती एस.टी. आता सुटणार होती. काका मनगटाकडे बघत म्हणाले, "घड्याळ नव्हतं तवा आमचं कधी चुकलं नाय."

हे वाक्य मी वहीत लिहिलं नाही. लिहायची गरज नव्हती.

यमुना माझ्याकडे वळली. "दादा, तुम्ही काल इथंच होते ना? तुम्हाला दोन्ही वेळा माहीत होत्या."

"होत्या."

"मग?"

"टोपली बघत होतो."

"टोपली!" एवढंच म्हणाली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मी ग्लास ठेवला आणि गाडीला किक मारली. "बसा. मध्ये काका, मागे तू. दहाच्या आत नाशिक."

गुरुजी धावत आले, चेहरा उतरलेला. "रस्त्यात कुठं थांबू नका हो." माझा लौकिक एका दिवसात त्यांच्यापर्यंत पोचला होता.

त्या प्रवासाचं वर्णन करायला माझ्याकडे काही नाही, कारण मी काहीही बघितलं नाही. खडीवर गाडी दोनदा घसरली, पडली नाही. काकांच्या डिजिटल घड्याळाचा दर तासाला बारीक पीप-पीप व्हायचा. आठचा बोरगावच्या अलीकडे झाला. नऊचा वणी सोडून थोडं पुढे आल्यावर. वणीला गडावर जाणारे ढोल वाजत होते, मी मान वळवली नाही. एका शेतात चक्क मोकळा उंट उभा होता असं नंतर यमुनाने सांगितलं. खरं असेल.

दिंडोरीच्या चौकात पोलिसाने हात केला. "तिघं? आरसा कुठाय?"

यमुनाने मागूनच फाईल उंच धरली. "साहेब, दहाला निवड आहे माझी."

त्याने स्वतःचं घड्याळ बघितलं, मग माझ्याकडे. "मग थांबलास कशाला? पळ!"

नाशिकला त्या कार्यालयाच्या फाटकात शिरलो आणि काकांच्या मनगटावर दहाचा पीप वाजला. शिपाई दाराची एक फळी लोटत होता. यमुना उडी मारून उतरली, पळाली आणि दुसरी फळी लागायच्या आत फाईलसकट आत शिरली. काकांना खाली उतरताच येईना, पाय आखडले होते. मी धरून उतरवलं. बाहेर बाकावर बसून दोघं भेळ खात राहिलो.

पंधरा दिवसांनी गुरुजी दुकानात आले. यमुनाचं नाव यादीत लागलं होतं. पण पेढे देताना त्यांचा आवाज नरम होता. "बंद करावं म्हटलं हे घड्याळ फिरवणं. पोरीचं वर्ष गेलं असतं. पण बाया ऐकत नाहीत. पाणी उन्हात भरू का, म्हणतात."

माझे रकाने मी तोवर भरले होते. फायद्यात पाणी, राकेल, संध्याकाळी उजेडात खेळणारी पोरं. तोट्यात गाय, एस.टी. आणि काशिनाथकाका. बंद करू नये असं माझं मत आहे, आजही. काटा फिरवायला एक बोट लागतं. पण जे बाहेरगावाहून परत येतात, त्या प्रत्येकाला सांगायला कुणीतरी जावं लागतं आणि ते काम गावात कुणाच्याच वाट्याला दिलेलं नव्हतं.

मामाने माळ्यावरून एक जुनं चावीचं घड्याळ काढलं. मी ते मांडीवर घेऊन सकाळच्या एस.टी.ने गेलो. वणीला गाडी वीस मिनिटं थांबली, मी चहालाही उतरलो नाही. शाळेच्या भिंतीवर पहिल्या घड्याळाशेजारी ते टांगलं. गुरुजींनी रंगाने खाली लिहिलं, एकाखाली 'गावाची वेळ', दुसऱ्याखाली 'एस.टी.ची वेळ'. आता जीपवाला दोन्ही सांगतो आणि सुट्टीच्या दिवशीही घंटा होते. म्हातारबाबांनी गाईसाठी तिसरं मागितलं.

दुकानात आता कुणी "सातला येतो" म्हणालं की मी विचारतो, "कुठले सात?" गिऱ्हाईक हसतात. मामा म्हणतो, डोक्यावर परिणाम झालाय. होऊ दे. मी उत्तर मिळेपर्यंत विचारतो.