फाटकावरची म्हैस

रविवारी जे झालं त्याचा राग अजून डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

दादा, वहिनी, त्यांची सहा वर्षांची सई, आमचा काका आणि मी... डोंबिवलीहून गाडी काढून कोलशेतच्या बाजूला एक छोटं गाव बघायला गेलो होतो. छोटं म्हणजे खरंच छोटं. गुडघ्याएवढी देवळं, बोटाएवढी माणसं आणि मधून फिरणारी झुकझुक गाडी.

सईला सारखं कोणी ना कोणी बजावत होतं, "हात नाही लावायचा हं!" सगळ्यात जास्त काका. रेल्वे फाटकाशी थांबलेल्या म्हशी तिला इतक्या आवडल्या की तिथून हलेना, पण पोरीने बोटसुद्धा लावलं नाही.

परत येताना बाळकुमच्या सिग्नलला काकाने खिशातून त्यातलीच एक म्हैस काढली आणि सईपुढे धरली. "घे, दिवाळीच्या किल्ल्याला! पायथ्याशी गाव करतो ना आपण, तिथे उभी करू."

दादा हसला. वहिनी म्हणाली, "काका, कधी उचललीत ओ?"

शाळेत जायच्या आधी घरी फरशीवर खडूने मला अक्षरं शिकवली ती याच काकाने. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही, हेसुद्धा त्यानेच. पण सगळ्यांसमोर त्यालाच बोलायचं कसं?

सईने म्हैस घेतलीच नाही. मला म्हणाली, "आत्या, हात लावायचा नव्हता ना?"

मग मात्र माझा तोल गेला. "दादा, गाडी वळव."

"वेडी आहेस का? ट्रॅफिक बघ."

"एवढ्याशा प्लास्टिकसाठी?" काका म्हणाला. "आल्या मोठ्या इन्स्पेक्टरबाई!"

"मग दिवसभर तिला दम कशाला देत होतास, काका? आता तूच सांग तिला, चोरी कशाला म्हणतात."

मी त्याच्या हातातून म्हैस घेतली आणि सईला घेऊन उतरले. वहिनीने नुसती सईची पाण्याची बाटली पुढे केली. आम्ही रिक्षाने परत गेलो.

गेटवरच्या ताईंना मी घाबरत घाबरत सगळं सांगितलं. त्यांना ना आश्चर्य, ना राग. "दिवाळी तोंडावर आली की जातातच हो वस्तू. मागच्या वर्षी तर अख्खी विहीर नेली कोणीतरी. जा, ठेवून या."

अख्खी विहीर! म्हणजे आमच्यासारखी किती घरं असतील... पोरांना महाराजांचा किल्ला करायला शिकवायचं आणि पायथ्याशी चोरीचं गाव वसवायचं!

सईने म्हैस फाटकाशी ठेवली. तोंड उलट्या बाजूला झालं होतं, ते पुन्हा वाकून सरळ केलं.

काका अजून माझ्याशी बोलत नाहीये. घरचे म्हणतात, मोठ्या माणसाचा असा पाणउतारा करतात का?

पण खरं सांगू, आता राग माझाच येतोय. सईने विचारलं नसतं तर मी डोंबिवलीपर्यंत गप्प बसले असते का? बहुतेक बसले असते...

विचारलंस म्हणून थँक्यू गं, सई.