डाव्या कोपऱ्यातली माती

वाल्मीक पिंगळे एरवी गरीब माणूस, पण कबड्डीच्या मैदानात त्याच्या वाटेला जायची कुणाची छाती नव्हती. नव्वदच्या दशकात आमच्या मखमलाबादच्या संघाचा डावा कोपरा त्याच्याकडे असायचा. चढाईला आलेला गडी कितीही नाचू दे, हा खाली मान घालून उभा. पाय टप्प्यात आला की घोटा धरायचा आणि मग सोडायचा नाही. लोक त्याला अडकित्ताच म्हणत. या धंद्यात त्याचे दोन दात गेले आणि उजव्या हाताची बोटं वाकडी झाली. घरी झेंडूचा मळा. दसऱ्याला सगळं घर माळा ओवायला बसे, तेव्हा याला सुई धरवत नसे. आई मालनबाई करवादायची, "लोकांचे पाय धरू धरू हात वाया घालवला मेल्यानं."

सामन्याआधी तो आपल्या कोपऱ्यातली माती कपाळाला लावायचा आणि उरलेली तळहातांना चोळायचा. मातीच्या हातातून घामाचा पाय निसटत नाही, यावर त्याची देवासारखी श्रद्धा.

सातपूरच्या एका कारखान्याने त्याला संघासाठी घेतलं, पण हंगामी म्हणून. खेळाडूंना दरवर्षी कायम करण्याचं गाजर दाखवायचं, ही तिथल्या साहेबांची रीत. २००२ साली मात्र साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "ही स्पर्धा जिंका, वाल्मीकला कायम करतो." तेव्हा त्याने तिशी ओलांडली होती. मुलगी नुकती शाळेत जाऊ लागली होती. त्याला ती नोकरी हवी होती, फार हवी होती.

स्पर्धा मॅटवर, पायात बूट घालून. मॅटवर माती कुठली! उपांत्य सामन्यात हातात आलेले पाय निसटले, तसा तो बिथरला. अंतिम सामन्याच्या दिवशी त्याने गावच्या मैदानातली मूठभर माती रुमालात बांधून चड्डीच्या नेफ्यात खोचली. पंचांनी नियमाप्रमाणे नखं तपासली. नेफा कोण तपासतो?

गुण बरोबरीत आणि शेवटची चढाई त्यांची. वाल्मीकने पाठ फिरवून माती हातांना चोळली. गड्याने पाय टाकला आणि याने घोटा धरला. पकड अशी बसली की आम्ही राखीव गडी बाकावरून उठून ओरडायला लागलो. त्याने टाच रोवली, तर खाली सांडलेल्या त्याच मातीवरून बूट सर्रकन घसरला. गुडघा आत मुरगळला. तरी पठ्ठ्याने घोटा सोडला नाही. गड्याने त्याला तसंच फरफटत नेलं आणि मध्यरेषेला हात टेकवला. एका गुणाने हरलो.

मॅट नीट झाडली नाही म्हणून संयोजक झाडणाऱ्या मंगळूवर धावून गेले. वाल्मीक पडल्या जागेवरूनच म्हणाला, "त्याला काय बोलू नका. माती माझी हाय."

साहेबांनी ते ऐकलं. नोकरी तिथेच संपली आणि खेळही. मला अजून राग येतो. साहेबांचा येतो, आणि खरं सांगायचं तर वाल्मीकच्या त्या जिभेचाही येतो.

पुढे तो टेम्पोतून शहरातल्या द्वारका चौकात फुलं पोचवू लागला. कबड्डीचा विषय निघाला की "खेळलो थोडं" एवढंच म्हणायचा. मग त्याची मुलगी तेजस्विनी खेळायला लागली, तीही डाव्या कोपऱ्यात. २००९ साली इंदिरानगरच्या एका हॉलमध्ये तिची जिल्ह्याची निवड चाचणी होती. मी वाल्मीकसोबत गेलो होतो.

मुली मैदानात उतरायच्या आत हा लंगडत मॅटवर गेला. दुखरा गुडघा कसाबसा टेकवून खाली बसला आणि खांद्यावरच्या टॉवेलने डावा कोपरा पुसू लागला. बघणाऱ्या पोरी हसायला लागल्या. तेजस्विनी लाजेने लाल झाली.

"पप्पा, उठा ना. स्वच्छ आहे ते."

"असंल, बाई. तरी बघतो."

सगळा कोपरा पुसून झाल्यावर तो माझ्या शेजारी येऊन बसला. टॉवेल उजेडात धरून त्याने उलटसुलट पाहिला.

"कायच नाय," तो म्हणाला, आणि त्याच टॉवेलात तोंड खुपसून रडायला लागला.