दातांत धरायचा टॉर्च

विसरायची म्हटली तरी ती घटना विसरता येत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. हे एक प्रकरण मात्र जसंच्या तसं राहिलं आहे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अहेरी भागातल्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. हद्द मोठी, शिपाई थोडे आणि वीज असून नसल्यासारखी. त्यामुळे टॉर्च ही आमच्याकडे चैनीची वस्तू नव्हती. खात्याचा टॉर्च लांबलचक, तीन सेलचा. उजेड झकास, पण वजन असं की शिपाई तो खुंटीला टांगून गस्तीला जायचे आणि अंधारात ठेचकाळत परत यायचे. मी तेव्हापासून सगळ्यांना सांगत आलोय, उजेड किती लांब जातो ते दुकानदार दाखवीलच. तुम्ही फक्त टॉर्च रोज जवळ बाळगवेल का तेवढं बघा. घरी राहिलेला टॉर्च काय कामाचा?

भाद्रपदात एका सकाळी पोलीस पाटील वर्दी घेऊन आला. नाल्यात उपकेंद्राच्या नर्सबाईचं प्रेत सापडलं होतं. वय पंचविशीच्या आत, डांबरी रस्त्यावरच्या गावात एकटी राहायची. दोन दिवस तिच्या खोलीला कुलूप होतं, पण लोकांना वाटलं, गडचिरोलीला मीटिंगला गेली असेल. प्रेत झाडाच्या मुळांत अडकलं होतं. खांद्याला कापडी पिशवी तशीच होती आणि डोक्याला मागून जखम. डॉक्टर म्हणाले, जखम दगडावर पडूनही होऊ शकते आणि कोणी मारूनही. पाण्यात राहिल्यामुळे मृत्यूची वेळही नक्की सांगता येईना. अकस्मात मृत्यूची नोंद केली आणि तपासाला लागलो.

दुसऱ्याच दिवशी खबर आली. उपकेंद्राशेजारच्या दुकानदाराने जमादाराच्या कानावर घातलं, की बाई दिसेनाशी झाली त्या संध्याकाळी नाल्यापलीकडच्या टोल्यावरचा, म्हणजे जंगलातल्या छोट्या वस्तीवरचा, एक माणूस तिच्या बंद दारावर लाथा घालत होता. शिव्या देत होता, ‘पाहून घेतो तुले’ असं ओरडत होता. त्याच रात्री त्याची बायको बाळंतपणात गेली होती. मुलगी तेवढी वाचली. जमादाराने टोल्यावर जाऊन झडती घेतली आणि त्या माणसाबरोबर एक छोटा टॉर्चही ठाण्यात आणला. टॉर्च नर्सबाईचा आहे, हे त्या माणसाने आपणहूनच सांगितलं.

राग, धमकी आणि मयताची वस्तू. जमादाराच्या दृष्टीने प्रकरण संपलं होतं. “साहेब, तासभर माझ्या ताब्यात द्या,” तो म्हणाला. मी दिला नाही. मार खाल्ल्यावर माणूस बोलतो हे खरं, पण काय बोलायचं ते तो आपल्या तोंडाकडे बघून ठरवतो.

मी त्याला समोर बसवलं. किडकिडीत, अनवाणी, आल्यापासून पाण्याचा घोट घेतलेला नव्हता.

“दारावर लाथा मारल्यास?”

“मारल्या जी.”

“शिव्या दिल्यास?”

“देल्या. बायको मरून राह्यली होती साहेब. बाईले आणाले गेलो, त कुलूप. मले वाटलं, जंगलातल्या बाईसाठी हे काऊन थांबन.”

“टॉर्च कुठून आला?”

“दुसऱ्या दिवशी नाल्याच्या काठाले भेटला, गवतात. पोरीसाठी दूध पाहाले निघलो होतो. बाईचा म्हणून ओळखला, वापस देऊ म्हणलं. मंग बाई मेली म्हणून आयकलं, त भेव लागला.”

“लावून बघितलास?”

“लागत नाई तो. बिघडला आहे.”

त्या दिवशी आपण आलापल्लीच्या लाकूड डेपोत कामावर होतो, टोल्यावरचा माणूस निरोप घेऊन आला तेव्हा निघालो, असंही तो म्हणाला. कितीही फिरवून विचारलं तरी उत्तर तेच. त्याला कोठडीत ठेवलं.

संध्याकाळी मयताची आई चंद्रपूरकडून एसटीने आली. “जय भीम साहेब,” म्हणून बाकाच्या कडेला बसली. ओळख पटवण्यासाठी मी टॉर्च तिच्यापुढे ठेवला. बोटभर जाडीचा, दोन पेन्सिल सेलचा. मागच्या टोकाला दवाखान्यातली चिकटपट्टी गुंडाळलेली आणि तिच्यावर दातांच्या खुणा. त्या खुणांचं मला कोडं पडलं होतं.

“माह्यासमोर घेतला तिनं,” आई म्हणाली. “दुकानदार मोठे मोठे दाखवून राह्यला होता, अन् हे एकेक दातांत धरून पाहे. तो म्हणे, बाई, ऊस आहे काय हा? ते म्हणे, बाळंतपणात माहे दोनी हात गुंतले रायतात भाऊ, मंग टॉर्च कोण धरन?”

सांगताना ती हसली आणि पुढच्याच क्षणी तोंडात पदर कोंबून रडायला लागली. जमादार उठून बाहेर गेला. मलाही तिच्याकडे बघवेना. हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून मी टॉर्चची टोपी फिरवून उघडली. आत एक सेल उलटा घातलेला होता.

ज्यांनी ते दिवस पाहिले आहेत त्यांना हे सांगायला नको. पिशवीत बटण सरकून सेल उतरू नयेत म्हणून बरेच लोक दिवसा एक सेल उलटा ठेवत. मी तो सुलट घातला आणि बटण सरकवलं. मिणमिणता का होईना, उजेड पडला.

“ती रोज असं करायची?” मी विचारलं.

“रोज. सकाळी उलटा घाले, अन् दिवेलागणीच्या आंधी सुलटा करे. म्हणे, अंधारात सेल चाचपत बसाची पाळी नको.”

म्हणजे ती नाल्यावर पोचली तेव्हा दिवस होता. दुसऱ्या दिवशी आलापल्ली गाठली. डेपोच्या मुकादमाने सांगितलं, तो माणूस त्या दिवशी दिवसभर इथेच लाकडं रचत होता. निरोप आल्यावर मुकादमानेच त्याला ट्रकवर बसवून दिवेलागणीला नर्सबाईच्या गावात उतरवलं. पुढे निरोप आणणारा माणूस टोल्यापर्यंत त्याच्यासोबत होता.

मग मी गावात पुन्हा चौकशी केली. तोवर आम्ही सगळ्यांना रात्रीचं विचारत होतो. आता दुपारचं विचारलं, तर धानाच्या बांधीत निंदण करणारी एक बाई सहज म्हणाली, “गेली ना जी नर्सबाई दुपारून. म्हणे, टोल्यावरच्या पोटुशीचे दिवस भरले, पाणी चढाच्या आंधी पाहून येतो.”

“मग आधी का नाही सांगितलं?”

“तुमी रातचं इचारून राह्यले होते.”

लोक लपवतात असं आम्ही पोलीस फार लवकर म्हणतो. पुष्कळदा त्यांनी आमच्या प्रश्नाचं अगदी नीट उत्तर दिलेलं असतं. नाल्यावरची ती पायवाट टोल्याखेरीज कुठेच जात नव्हती, आणि नर्सबाईच्या मागून कोणी गेलेलं त्या बाईने पाहिलं नव्हतं. नाल्यातल्या शेवाळलेल्या दगडावरून बाई घसरली होती. कोणी मारलं नव्हतं.

मी त्या माणसाला कोठडीतून बाहेर काढलं. आई मुलीची पिशवी घ्यायला आली होती, तीही तिथेच होती. सगळी हकिगत सांगून मी म्हणालो, “जा, तू सुटलास.”

तो उभाच राहिला. “माह्या घरी येत होती?”

“हो.”

“मी बलावाच्या आंधीच?”

“हो.”

तो भिंतीला टेकून खाली बसला. “मी तिच्या दाराले लाथा मारून राह्यलो होतो, साहेब. अन् ते तवा पाण्यात होती.” मग त्याने कोठडीकडे बोट दाखवलं. “मले आतच राहू द्या.”

खाकी वर्दीत इतकी वर्षं काढली, पण सुटका झालेला माणूस कोठडी मागतो हे मी त्या एकदाच पाहिलं. मला वाटायचं, खरं काय ते शोधून काढलं की पोलिसाचं काम झालं आणि माणूस मोकळा झाला. त्या दिवशी मीच खरं सांगितलं होतं, आणि त्याच्या गळ्यात आयुष्यभराचं ओझं मीच बांधलं होतं. तरीही ते सांगायलाच हवं होतं. यातून वाट कोणती, ते मला आजही माहीत नाही.

आई त्याच्याजवळ जाऊन बसली. मला वाटलं, आता ही काहीतरी बोलेल, आणि बोलली असती तर तिला कोण अडवणार होतं?

“तुले मालूम नव्हतं भाऊ,” ती म्हणाली. “लेकरू काय पिते?”

“शेळीचं दूध.”

“ऊठ मंग. भुकेलं असन ते. मले बी पाहू दे.”

मी जीप काढायला सांगितली. तिने मान हलवली.

“नाई साहेब. माह्या पोरीचं जाणं राहून गेलं, ते मी पायी जाऊन पुरं करतो.”